‘कॅप’चा, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाचा फॉर्म भरायचा कुणी? पहिल्यांदाच या चक्रात पडलेल्या आईबापांसाठी

आमच्या घरात दोन इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन झाल्या, मोठीची २०२२ ला आणि धाकट्याची २०२५ ला, दोन्ही एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे कॉलेजांच्या जागा मेरिटप्रमाणे एकत्र वाटणाऱ्या राज्याच्या ऑनलाईन फेऱ्यांमधून. पहिल्या वेळी सगळं आम्ही केलं. दुसऱ्या वेळी निम्मं केलं आणि बाकी वेळ हाताची घडी घालून बसलो, आणि ती घडी घालून बसणं पळापळीपेक्षा अवघड गेलं हे आधीच सांगून ठेवते.

मोठीच्या वेळी काय झालं ते ऐका. रजिस्ट्रेशनला मोबाईल नंबर तिच्या बाबांचा, ईमेल भाऊजींनी काढून दिलेला, पासवर्ड माझ्या किराणाच्या डायरीत. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रांचची पसंतीक्रमाची यादी, भरायला बाबा, भाऊजी आणि भाऊजींच्या ऑफिसातले एक 'यातलं सगळं माहिती असलेले' सर असे तिघं लॅपटॉपसमोर, आणि जिची ॲडमिशन ती आतबाहेर करत पोह्याच्या डिश देतेय. एक नंबरला भाऊजींनी एका खाजगी कॉलेजचं कॉम्प्युटर टाकलं, म्हणाले टाकून तर ठेवू, मिळतंय कुठं. मिळालं ना. पहिल्याच राउंडला. आणि पहिला ऑप्शन मिळाला की सीट आपोआप फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही, हे त्या तिघांपैकी एकानेही वाचलेलं नव्हतं. तिला सरकारी कॉलेजचं इलेक्ट्रिकल हवं होतं, मागच्या वर्षीचा कटऑफ बघता ते मिळण्यासारखं होतं, आणि आमच्या लिस्टीत ते चौथं होतं. तशी ती रमली तिथे, पण एखाद्या पेपरला मार्क कमी पडले की अजून म्हणते, फॉर्म तुम्ही भरला होता ना, मग पेपर पण तुम्हीच द्यायचा.

त्यामुळे आता माझं म्हणणं एवढंच, दाखल्यांची धावपळ आईबापांची, पैशाचं बोलणं दोघांचं, आणि लॉगिन आणि ऑप्शन फॉर्म मुलाचा. बाकी सगळं यातूनच निघतं. मी इंजिनिअरिंगच्या कॅपवर लिहितेय कारण मला तेच माहितीय, पण फार्मसीचं वगैरे पण सीईटी सेलकडेच (या परीक्षा आणि प्रवेश बघणारं राज्याचं कार्यालय) असतं आणि गाडी साधारण याच वळणाने जाते. आणि हो, नियम दरवर्षी थोडे बदलतात, तर त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडायचंच. तेही मुलाने, मोठ्याने वाचून दाखवायचं, तुम्ही ऐकायचं.

पायरी १: बारावी लागायच्या आधीच दाखल्यांची फाईल

इथे मात्र पूर्ण घुसा, काही लाज बाळगू नका. सतरा वर्षांचं पोर तहसीलमध्ये जाऊन वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करणार नाहीये, आणि त्याने ते करावं अशी अपेक्षा पण नको, त्याला तेव्हा इंटिग्रेशन सुटत नसतं.

कॅटेगरीतून फॉर्म भरणार असाल तर तीन वेगवेगळे कागद असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात: जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, आणि नॉन क्रिमीलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा, हा एससी, एसटीला लागत नाही). पहिला एकदा काढला की झाला. व्हॅलिडिटी पण एकदाच लागते पण तिला वेळ लागतो, जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज जातो आणि जुने पुरावे मागतात. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे थोडक्यात आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढणं आलं. आमच्या सासऱ्यांची जिल्हा परिषदेची शाळा, रजिस्टरला वाळवी, हेडमास्तर रजेवर, तीन फेऱ्या झाल्या आणि त्यात आडनावाची एक वेलांटी वेगळी निघाली ती वेगळीच कटकट. घरात काकाची किंवा आत्याची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर काम बरंच सोपं होतं, त्यांच्याकडून कॉपी मागून घ्या, रुसवे असतील तर महिनाभर बाजूला ठेवा. हे सगळं अकरावी संपता संपता चालू करा.

नॉन क्रिमीलेयरला मुदत असते. ॲडमिशनच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, म्हणजे २०२६ च्या ॲडमिशनला ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅलिड असलेलं. 'आहे की आमच्याकडे' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांकडे मुदत संपलेलं असतं. ईडब्ल्यूएसचं (ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांचा दाखला) पण तसंच, त्या आर्थिक वर्षाचं लागतं. पावती जोडून तात्पुरतं निभावतं पण मूळ दाखला मुदतीत दिला नाही तर सरळ ओपनमध्ये टाकतात, आणि तोवर ऑप्शन कॅटेगरीच्या कटऑफवर भरलेले असतात, मग बसा रडत.

जेईईतून आयआयटी, एनआयटीचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, केंद्राच्या फॉर्मॅटचा ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला वेगळा असतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला मागतात. राज्याचा दाखवून चालत नाही. एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाचं आरक्षण, तर राज्यापुरतंच आहे, केंद्रीय संस्थांत ते नाहीच.

ओपनवाल्यांनी 'आम्हाला काय नको' म्हणू नका. डोमिसाइल तुम्हाला पण लागतं, आणि उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला ८ लाखांच्या आत असेल तर त्यावर टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीच्या जागा) आणि शिष्यवृत्ती दोन्ही अवलंबून आहे. जूनमध्ये सेतूच्या दारात गावजत्रा असते, एप्रिलमध्ये जा. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते दहावीच्या मार्कशीटशी जुळवून बघा, आधारवर एक, मार्कशीटवर एक आणि डोमिसाइलवर तिसरंच असलं तर पुढे प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न.

फाईल झाली की एकदा मुलाला समोर बसवून कुठला कागद कशासाठी ते सांगा. पुढे अपलोड त्यालाच करायचंय.

एक गोष्ट तर याच्याही आधीची. होम युनिव्हर्सिटी. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, आणि महाराष्ट्रात दहावी बारावी केलेल्या मुलाची हद्द ठरते बारावी कुठे केली त्यावरून. आमच्या सोलापूरची निम्मी मुलं पुण्याकडे डोळे लावून बसलेली, तिथे आम्ही बाहेरचे, आमच्यासाठी तो ३० टक्क्यांचा बोळ. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने अकरावीलाच पुण्यात टाकलं पोराला, क्लाससाठी म्हणून, आणि त्याची होम युनिव्हर्सिटी पुणे झाली, त्यांना स्वतःला पण हे नंतर कळलं. मी म्हणत नाही की यासाठी पोराला पंधराव्या वर्षी घराबाहेर काढा, पण अकरावीचं कॉलेज ठरवताना हे माहीत असावं. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, टाईप ई, बेळगाव निपाणीकडच्यांनी तो बघून घ्या.

पायरी २: पैशाचं आधी बोला

आपल्याकडे हे होत नाही. बाप म्हणतो तू फक्त अभ्यास कर, पैशाचं मी बघतो, आणि मग जुलैमध्ये फी बघून त्याचा चेहरा उतरतो आणि पोराला कळतं की लिस्टमधली निम्मी कॉलेजं नुसती शोभेची होती. त्यापेक्षा फेब्रुवारीत, पूर्वपरीक्षा संपली की, एका संध्याकाळी टेबलाशी बसून स्पष्ट आकडा सांगा: वर्षाला हॉस्टेल, मेस धरून आपल्याला इतकं जमतं, याच्या वर गेलं तर लोन काढावं लागेल. आम्ही धाकट्याला पगाराची स्लिप दाखवली. तो दोन मिनिटं गप्पच होता, मग म्हणाला मला वाटलं जास्त असेल. (माझा नवरा त्या दिवशी जेवला नाही नीट.)

फी कुठली खरी, तर खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या साईटवर कॉलेजवार दिसते. कॉलेजच्या रंगीत पुस्तकावर जाऊ नका, ही यादी मुलाला काढायला लावा आणि एक्सेलमध्ये भरायला लावा.

फी कमी करणाऱ्या वाटा पण याच बैठकीत बोला. टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफ, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा असतात, जातीचा संबंध नाही. त्याचा चॉईस कोड (फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रांचसाठी टाकायचा नंबर) वेगळा, कटऑफ त्याच ब्रांचपेक्षा चढा, आणि नंतर ब्रांच किंवा कॉलेज बदलता येत नाही. मुलगी असेल तर २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून ॲडमिशन झाली तरच, मॅनेजमेंट कोट्याला (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांना) नाही. ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, तिथेही ८ लाखांची अट. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या साईटवर अर्ज असतो आणि पैसे मुलाच्या स्वतःच्या आधार लिंक खात्यात येतात, बाबांच्या नाही, तेव्हा खातं आधीच काढून ठेवा.

पायरी ३: लॉगिन कुणाचं

मुलाचं. मोबाईल त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याने ठरवलेला. ओटीपी ज्याच्या खिशात वाजतो फॉर्म त्याचा होतो, इतकं साधं आहे हे. बाबांच्या फोनवर ओटीपी आला की बाबा ऑफिसात मीटिंगमध्ये, पोरगं घरी पेज उघडून बसलंय, तो फोन करतो, ते चिडतात, मग बाबाच म्हणतात राहू दे, संध्याकाळी मीच भरतो. झालं, गेला फॉर्म हातातून.

पासवर्ड एका कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवायचा, मुलगा आजारी पडला, फोन पडला तर म्हणून. उघडायचं नाही. मी एकदा उघडलं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री. नुसतं बघायला. त्याला लगेच कळलं कारण ओटीपी त्याच्याकडे गेला, बाहेर येऊन म्हणाला, आई, झोप.

पायरी ४: परीक्षा आणि निकाल

यात आईबापांचं काम म्हणजे सेंटरवर सोडणं आणि पाण्याची बाटली. सीईटीत २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, मॅथ्सला दोन दोन मार्क आणि फिजिक्स केमिस्ट्रीला एकेक, साधारण ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा भाग. हे मुलाला माहीत असतं, तुम्ही सांगू नका.

निकाल मात्र समजून घ्या कारण पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, आणि आत्या, मावशी फोनवर '९० पडले, वा' म्हणतात तेव्हा घरात उगाच हवा होते. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला चार लाखांहून जास्त मुलं बसतात, म्हणजे एक पर्सेंटाईल म्हणजे चार हजारांवर मुलं. ९० पर्सेंटाईल म्हणजे पुढे चाळीस हजार आहेत. त्यामुळे पर्सेंटाईलवर पेढे नाहीत आणि रडारड पण नाही, मेरिट नंबर येऊ द्या.

पायरी ५: कॅपचं रजिस्ट्रेशन आणि स्क्रुटिनी

सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे कॅपचा भरला असं नाही, हे नव्या लोकांचं पहिलं गणित चुकतं. कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं, फी वेगळी, कागद परत अपलोड. मग ई-स्क्रुटिनी, म्हणजे सेंटरवरचा माणूस तुमचे कागद ऑनलाईन तपासतो आणि काही चुकलं तर अर्ज परत टाकतो. ते नको असेल तर प्रत्यक्ष सेंटरवर जाऊन पण तपासून घेता येतं, गावाकडे नेट धड नसेल तर तेच बरं.

धाकट्याने नॉन क्रिमीलेयरचा फोटो पंख्याखाली काढला होता, हललेला. मला दिसलं होतं ते. जीभ चावून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला, मग तो स्वतः झेरॉक्सवाल्याकडे जाऊन स्कॅन करून आला आणि परत सबमिट केलं, एक दिवस गेला. हातात सहा दिवस होते म्हणून मी गप्प बसले, शेवटचा दिवस असता तर बसले नसते. माझा हिशोब असा होता की चुकीने हेलपाटा पडणार असेल तर पडू द्यायचा, चुकीने वर्ष जाणार असेल तर आडवं पडायचं. म्हणून तारखा मी पण माझ्या कॅलेंडरला लावल्या होत्या, भिंतीवरच्या, लाल पेनाने, आणि आदल्या दिवशी एकदाच विचारायचं: उद्या काय आहे? दिवसातून सहा वेळा विचारलं की पोरं ऐकणं बंद करतात.

तात्पुरती मेरिट लिस्ट लागली की त्यात कॅटेगरी, मार्क, होम युनिव्हर्सिटी सगळं बरोबर आलंय का हे दोघांनी बसून बघायचं. चूक सुधारायला दोनतीन दिवसच असतात, अंतिम लिस्ट लागली की मग कुणी ऐकत नाही.

पायरी ६: ऑप्शन फॉर्म

सगळा खेळ इथे आहे आणि सगळी भांडणं पण इथेच.

आधी यंत्र कसं चालतं ते कळू द्या. मुलगा कॉलेज आणि ब्रांचच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लावतो, ३०० पर्यंत टाकता येतात. मेरिटप्रमाणे त्याचा नंबर आला की सिस्टिम त्याची यादी वरून खाली बघत जाते आणि पहिली जी मिळू शकते ती देते. वर मोठं नाव टाकलं म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. तेव्हा 'ते कुठे मिळणार, नको टाकू' हे चूक, आणि 'मिळत नाही तरी टाकून ठेव' हे पण चूक, जर मिळाल्यावर जायचंच नसेल. आमचं मोठीच्या वेळी नेमकं हेच चुकलं, यादीतला क्रम पसंतीचा नव्हता, भाऊजींच्या अंदाजाचा होता.

आता फ्रीज. २०२५ ला राउंड चार झाले आणि नियम असा होता: पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर घ्यावाच लागतो, चौथ्याला जे मिळेल ते. नाही घेतलं तर पुढच्या राउंडमधून बाहेर. म्हणजे वरचे सहा ऑप्शन असे हवेत की त्यातला कुठलाही मिळाला तरी पोरगं बॅग भरेल. मी धाकट्याला एवढंच विचारलं, सहांपैकी एकेकाचं नाव घेऊन: हे लागलं तर जाशील? चौथ्या नावाला तो 'अं...' म्हणाला. मी काहीच बोलले नाही, त्यानेच ते अकरावर नेलं.

यादी करायची पद्धत आमची ही होती. सीईटी सेलच्या साईटवर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ असतात राउंडवार, त्या त्याने डाऊनलोड केल्या. त्यात 'जीओपेनएच' 'एलओबीसीओ' असले मंत्र असतात, घाबरू नका, पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींची राखीव, मध्ये कॅटेगरी, शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. आपल्याला लागू असलेल्याच रकान्यात बघायचं. सोलापूरच्या पोराने पुण्याच्या कॉलेजचा 'एच' बघून खुश होऊ नये. मग त्याने स्वतःच्या मेरिट नंबरच्या थोडे वरचे, आसपासचे आणि बरेच खालचे असे गट केले. खालचे भरपूर टाका, लाजू नका, पण तेही जाण्यासारखे.

कोड तपासायचं काम मी घेतलं, हे आईबापांना चांगलं जमतं. वालचंद दोन आहेत, एक सांगलीचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आणि एक आमच्या सोलापूरचं इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. व्हीआयटी म्हणजे पुण्याचं विश्वकर्मा, मुंबईत वडाळ्याचं विद्यालंकार, आणि वेल्लोरचं तिसरंच, ते कॅपमध्येच नाही. गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग कराडला आहे, अमरावतीला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. नाव वाचून नाही, कोड वाचून टिक करायची. तो मोठ्याने कोड वाचत होता आणि मी पीडीएफवर बोट ठेवून हो म्हणत होते, अगदी हळदीकुंकवाची यादी जुळवावी तसं.

ब्रांचवर बोलायचं की नाही? बोला, एकदा. तुम्हाला काय वाटतं आणि का वाटतं ते दहा मिनिटांत सांगा आणि संपवा. 'कॉम्प्युटरशिवाय काही नाही' हे तुमच्या भीतीतून येतंय की पोराच्या आवडीतून, हे स्वतःला विचारा. आमच्या ह्यांनी दहा मिनिटं मेकॅनिकलच्या विरुद्ध बोलून घेतलं, आणि गंमत म्हणजे हे स्वतः मेकॅनिकलवाले. तो ऐकून घेऊन म्हणाला, बाबा, तुमच्या कंपनीचा राग माझ्या फॉर्मवर नका काढू. पुढे विषय नाही. कॉलेज बघायला जायचं असेल तर जा, पण तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर थांबा आणि त्याला आत एकटा सोडा, सीनिअर मुलं आईबाप शेजारी असले की खरं बोलत नाहीत.

फॉर्म भरून झाला की कन्फर्म करावा लागतो. नुसता सेव्ह केलेला धरत नाहीत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साईट रडत असते, आदल्या दिवशीच करून टाका आणि प्रिंट काढून दोघांनी सह्या केल्यासारखी एकदा वाचा.

पायरी ७: राउंड लागतात तेव्हा

हे दिवस फार वाईट. जेवणावर लक्ष नाही, ग्रुपवर प्रत्येकाच्या पोराला काहीतरी लागलेलं. सीट लागली की पोराने लॉगिनमधून आपली माहिती तपासून सीट स्वीकारायची, त्याची फी १००० रुपये, आणि पटलं तर फ्रीज, नाहीतर बेटरमेंटला जायचं, म्हणजे ही सीट हातात ठेवून पुढच्या राउंडला वरचं मिळतंय का बघायचं. पुढच्या राउंडला ऑप्शन फॉर्म नव्याने भरता येतो आणि बेटरमेंटमध्ये वरचं मिळालं की आधीची सीट सुटते, ती परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्यांदा भरताना आत्ता हातात असलेल्या सीटपेक्षा खरंच बरं वाटतं तेवढंच वर ठेवायचं. या निर्णयाला एक रात्र द्या. आम्ही त्याला विचारलं, तो म्हणाला सकाळी सांगतो, आणि ती रात्र मी काढली कशी ते मलाच माहीत.

मधल्या काळात फोन येतात. 'मॅनेजमेंट कोट्यात करून देतो, सीट ब्लॉक करा, आज टोकन भरा.' पावतीशिवाय पैसा कुणी मागत असेल तर तो डोनेशन, आणि कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. मॅनेजमेंट कोट्याच्या, म्हणजे इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागा खऱ्या असतात, पण त्यांना पण जाहिरात, अर्ज, मेरिट असतं, फोनवर 'सर सांगतील' असं नसतं. हे फोन तुम्ही घ्या, पोराला देऊ नका, घाबरलेलं पोर कशालाही हो म्हणतं. पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणारे पण असतात. सल्ला घ्यायचा तर घ्या, पण बसायचं मुलाने आणि लॉगिन द्यायचं नाही, काहीजण स्वतःच्या सोयीची कॉलेजं वर सरकवतात.

आणि पोरगं काहीच करत नसेल तर? असतात अशी, मला माहितीय, माझ्या जावेचा होता. राउंडच्या दिवशी दुपारी एकपर्यंत झोपलेला. तिथे 'त्याचा फॉर्म त्यानेच' म्हणून हात झटकता येत नाहीत, शेवटी वर्ष त्याचं जाणार. जावेने रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास त्याच्या शेजारी नुसतं बसायला सुरुवात केली, स्वतःची मटार सोलत, माऊस त्याच्या हातात. पहिले तीन दिवस त्याने रील्स बघितले. चौथ्या दिवशी कटऑफ उघडले, बहुतेक मटार संपत आले म्हणून.

पायरी ८: रिपोर्टिंग आणि हॉस्टेल

ज्या दिवशी कॉलेजला जाऊन ॲडमिशन घ्यायची त्या दिवशी मूळ कागद, तीन तीन झेरॉक्स, फोटो आणि डीडी की ऑनलाईन ते आधी फोन करून विचारलेलं. मूळ टीसी द्यायच्या आधी त्याच्या रंगीत कॉप्या काढून ठेवा. खिडकीवर मुलाला पुढे उभं करा. क्लार्क तुमच्याकडे बघून विचारतील, सवय असते त्यांना, तुम्ही पोराकडे बघा. रॅगिंगविरोधी हमीपत्र असतं, त्यात मुलाचं वेगळं आणि पालकांचं वेगळं, तिथे तुमची सही लागते, ती वाचून करा.

मग पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. मी पहिल्या आठवड्यात म्यूट केला, तिथे मेसच्या डाळीवर चाळीस मेसेज होते.

सामानात गादी, बादली, एक्स्टेंशन बोर्ड, दोर आणि कुलूप. कुलूप तीन किल्ल्यांचं घ्या. एक त्याच्याकडे, एक रूममेटकडे, एक बॅगेच्या आतल्या कप्प्यात. आमच्याने पहिली दुसऱ्याच दिवशी हरवली.